ट्रेस करूनही चेहरा का येत नाही?

१८३३ च्या ऑक्टोबरात इटलीतल्या कोमो तलावाच्या काठी विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट नावाचा एक इंग्रज गृहस्थ चित्र काढत बसला होता. गणित, रसायन, वनस्पतिशास्त्र, प्राचीन भाषा, सगळ्यात गती असलेला माणूस. चित्रकलेला मात्र हात नव्हता. त्यासाठी त्याने सोबत ‘कॅमेरा ल्युसिडा’ आणला होता. नावात कॅमेरा असला तरी त्याने फोटो निघत नाही. दांडीवर बसवलेला छोटासा चार बाजूंचा लोलक, एवढंच ते उपकरण. लोलकाच्या कडेवर डोळा अशा बेताने ठेवायचा, की बाहुलीच्या अर्ध्या भागातून समोरचं दृश्य दिसेल आणि उरलेल्या अर्ध्यातून खालचा कागद. दोन्ही एकमेकांवर चढतात, आणि तलाव, डोंगर, झाडं कागदावरच उतरल्यासारखी दिसतात. आपण त्यावरून पेन्सिल फिरवायची. विल्यम वुलस्टन या शास्त्रज्ञाने १८०६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं.

म्हणजे टॅलबट चक्क ट्रेस करत होता. तरी चित्र फसलं. लोलकावरून डोळा बाजूला केला की कागदावर नुसत्या केविलवाण्या रेघा उरत. त्याची बायको कॉन्स्टन्स बरं रेखाटन करायची, याला ते जमेना. शेवटी वैतागून त्याच्या मनात आलं, की हे दृश्य कागदावर आपलं आपणच उमटलं आणि टिकून राहिलं तर? या विचाराच्या मागे लागून त्याने पुढच्या काही वर्षांत कागदावर फोटो घ्यायची पद्धत शोधून काढली. चित्र काढता न आल्यामुळे फोटोग्राफीचं एक मूळ रुजलं, असं म्हणायला हरकत नाही.

ट्रेस करणं ही लबाडी की नाही, यावर भांडणाऱ्यांनी टॅलबटची ही फजिती आधी लक्षात घ्यावी. एक बाजू म्हणते, फोटोवर कागद ठेवून कोणीही काढेल, त्यात कसली कला! दुसरी म्हणते, बाह्यरेषा कशी आली याच्याशी आम्हाला काय करायचंय, शेवटी चित्र कसं दिसतं ते बघा. दोघंही एक गोष्ट न तपासता धरून चालतात: ट्रेस केलं की चेहरा हमखास येतो. तो तसा येत नाही. ज्याला ट्रेस न करता काढता येतं, त्यालाच ट्रेसिंगचा खरा उपयोग होतो. बाकीच्यांच्या हातात ते टॅलबटच्या लोलकाइतकंच कामाचं. हे असं का होतं, ते समजून घेण्यात भांडणापेक्षा जास्त मजा आहे.

आधी कशाला काय म्हणतोय ते ठरवून घेऊ. फोटोवर बटर पेपर ठेवून रेघा उचलणं, खिडकीच्या काचेवर किंवा लाइट बॉक्सवर (आतून दिवा असलेल्या काचेच्या पेटीवर) कागद धरून काढणं, प्रोजेक्टरने भिंतीवर किंवा कॅनव्हासवर प्रतिमा पाडून तिच्यावरून पेन्सिल फिरवणं, हे सगळं ट्रेसिंग. घरगुती पद्धत म्हणजे प्रिंटच्या मागच्या बाजूला ६बी पेन्सिल आडवी घासायची आणि वरून रेघा फिरवायच्या, म्हणजे खालच्या कागदावर छाप उमटतो. (कार्बन पेपर वापरू नये. त्याचा डाग खोडरबरने जात नाही. आणि बॉलपेनने दाबून तर मुळीच नको. कागदावर चर पडते आणि नंतर शेडिंग करताना तीच चर पांढरी रेघ होऊन दात विचकते.) मुक्तहस्त म्हणजे मनाने काढलेलं चित्र, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. समोर माणूस बसलेला असेल, तांब्या असेल किंवा फोटोच असेल, तो पाहून, मापं डोळ्याने घेऊन काढणं म्हणजे मुक्तहस्त. या दोन्हींच्या मध्ये ग्रिड येतं. त्याच्याकडे नंतर वळू.

आता मुद्द्याची गोष्ट. फोटोत रेघ नसते. नीट पाहा, तुमच्या फोटोत नाकाला कुठेही काळी बाह्यरेषा नाही. तिथे एक उजळ भाग आहे, त्याच्या शेजारी एक गडद भाग आहे आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची कुठे अचानक, कुठे हळूहळू अशी वाट आहे. ट्रेस करणारा या सगळ्यातून एक रेघ निवडतो. शर्टाच्या कॉलरची कडा खरोखरच धारदार असते, तिथे रेघ शोभते. गालाची गोलाई मात्र सावलीत इतकी सावकाश विरघळते, की तिची कडा नेमकी कुठे हे सांगता येत नाही. ट्रेसिंगमध्ये दोन्हींना सारख्याच जाडीची, सारख्याच ठामपणाची रेघ मिळते. कॉलर ठीक दिसते, गाल मात्र पुठ्ठ्यातून कापल्यासारखा.

डोळ्याचं उदाहरण घ्या, कारण सगळ्यात जास्त चित्रं तिथेच फसतात. नवशिक्याने ट्रेस केलेल्या डोळ्यात वरची पापणी एक रेघ, खालची पापणी तशीच दुसरी रेघ, मधे बुबुळाचा पूर्ण गोल, गोलात काळा ठिपका आणि दोन्ही बाजूंना कोरा पांढरा कागद असतो. अशा डोळ्यांचा माणूस दचकल्यासारखा टक लावून बघत बसतो. खरा डोळा जवळून पाहिला तर काय दिसतं? वरची पापणी बुबुळाचा वरचा भाग झाकते, म्हणजे पूर्ण गोल दिसतच नाही. तिची आणि पापण्यांच्या केसांची सावली खाली डोळ्याच्या पांढऱ्यावर पडते, त्यामुळे वरच्या बाजूला तो पांढरा चांगलाच राखाडी असतो. बुबुळ आतून बाहेरून एकसारखं गडद नसतं. उजेड डावीकडून येत असेल तर त्याची उजवी-खालची बाजू किंचित उजळते. खालच्या पापणीला जाडी असते, आणि त्या जाडीची वरची ओली कडा उजेड पकडते. म्हणजे तिथे गडद रेघ नसून उलट एक उजळ पट्टी आहे. ट्रेस करणाऱ्याने नेमकी तिथेच काळी रेघ ओढलेली असते. जागा बिनचूक, पण तिथे काय आहे ते चूक. आणि ही चूक कुठलाही लाइट बॉक्स दाखवून देत नाही, कारण रेघ फोटोवर अगदी बरोब्बर बसलेली असते.

सावलीत तर याहून पंचाईत. मोबाइलच्या फोटोत केसांखालचा, मानेखालचा भाग बहुधा सपाट काळा येतो. तिथे उचलायला काहीच नाही. जबड्याचं हाड मानेशी कुठे वळतं हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या अंधारातही एक हलका बदल ठेवतो. ज्याला ठाऊक नाही, तो काळं भरून मोकळा होतो आणि डोकं मानेवर चिकटवल्यासारखं दिसतं.

दुसरी अडचण खुद्द फोटोची. फोटो खोटं बोलत नाही, हा समज चित्रकाराला फार महागात पडतो. सेल्फीचा साधा हिशोब करून पाहू. मोबाइल नाकाच्या शेंड्यापासून ३० सेंटिमीटरवर आहे. कान नाकाच्या शेंड्यापेक्षा साधारण १२ सेंटिमीटर मागे, म्हणजे मोबाइलपासून ४२ सेंटिमीटरवर. वस्तू जितकी लांब तितकी प्रतिमा लहान, या नियमाने कानाच्या तुलनेत नाक ४२ भागिले ३०, म्हणजे ४० टक्के मोठं उमटतं. हाच फोटो दीड मीटरवरून काढला तर अंतरं १५० आणि १६२ सेंटिमीटर होतात, आणि फरक ८ टक्क्यांवर येतो. सेल्फीत नाक पसरट आणि कान मागे पळालेले का दिसतात, त्याचं कारण एवढंच. फोटो पाहताना आपण हे मनातल्या मनात माफ करतो. तोच चेहरा पेन्सिलीत, ट्रेस करून, सगळ्या मापांसकट समोर आला की घरचे म्हणतात, “छान आहे, पण हा आपला दादा वाटत नाही.” ट्रेस करणारा फोटो पुन्हा वर ठेवून दाखवतो, सगळं जुळतंय. जुळतंच, पण फोटोशी.

आणि खरं सांगायचं तर फोटोशीही पूर्ण जुळत नाही. ए-फोर कागदावर डोक्याची उंची १५ सेंटिमीटर धरली, तर रुंदी १० सेंटिमीटरच्या आसपास आणि एक डोळा साधारण २ सेंटिमीटरचा येतो. बोथट झालेल्या पेन्सिलीची रेघ सहज एक मिलिमीटर जाड असते. ती कडेच्या आतून गेली की बाहेरून, यावर डोळा पाच टक्के लहान किंवा मोठा होतो. बटर पेपरवर एकदा आणि तिथून ड्रॉइंग पेपरवर दुसऱ्यांदा उतरवताना ही घसरण दुप्पट होते. ओठांच्या कोपऱ्यात तर अर्धा मिलिमीटरही हसू आणि कुचकेपणा यांत फरक करायला पुरतो. ओळखीचा चेहरा ओळखण्यात आपण सगळे भयंकर तरबेज असतो, म्हणून हा अर्धा मिलिमीटर चित्र न काढणाऱ्यालाही खुपतो. झाडाच्या फांदीत तो कोणाच्या बापाला कळत नाही.

मग मुक्तहस्त काढणाऱ्याकडे असं काय असतं? त्याच्याकडे वाईट सवयी मोडण्याचा अनुभव असतो. आपला मेंदू डोळ्यांना दिसतं ते जसंच्या तसं आपल्याला देत नाही; तो आधी दुरुस्त्या करतो. आंघोळीनंतर वाफेने धुरकट झालेल्या आरशासमोर उभे राहा, एक डोळा मिटा, आणि आरशात दिसणाऱ्या तुमच्या डोक्याची कड बोटाने आरशावरच गिरवा. मग बाजूला होऊन तो गोल मोजा. तो तुमच्या खऱ्या डोक्याच्या बरोबर निम्मा असतो. जवळ जाऊन करा, लांबून करा, निम्माच. कारण प्रतिमा आरशाच्या जितकी मागे, तितकेच तुम्ही पुढे, आणि आरसा बरोबर मध्यावर. रोज सकाळी आपण ही निम्म्या आकाराची आकृती बघतो आणि आयुष्यभर ती पूर्ण आकाराची आहे असं समजतो. चित्र काढताना नडतो तो हाच मेंदू.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्राचा पेपर आठवत असेल. टेबलावर ठेवलेला तांब्या किंवा बरणी. त्याचं तोंड वरून दिसतं म्हणून पोरं लंबगोल काढतात, आणि बूड टेबलावर सपाट बसलंय हे माहीत असतं म्हणून खाली सरळ रेघ मारतात. झालं, तांब्या कलंडला. प्रत्यक्षात बूड नजरेच्या पातळीपासून तोंडापेक्षा अधिक खाली असतं, म्हणून त्याचा लंबगोल तोंडापेक्षा जास्तच गोलसर दिसायला हवा. एकदा हे कळलं की पेला, बादली, मडकं, पुढे मनगटातल्या बांगड्या आणि गळ्याभोवतीचं कॉलर, सगळ्यांची गुरुकिल्ली हातात येते. तांब्याचा फोटो शंभर वेळा ट्रेस केला तरी हे कळेलच असं नाही; कारण लंबगोल आपोआप बरोबर येतो आणि तो तसाच का, हा प्रश्नच पडत नाही. चेहऱ्याचंही तेच. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिका ते वरच्या तिसऱ्या हिश्शात नेऊन ठेवतो, कारण कपाळ आणि टाळू यांत त्याला रस नसतो.

मुक्तहस्ताची मापं घ्यायची रीत अगदी साधी आहे, कंटाळवाणी म्हणण्याइतकी साधी. एक डोळा मिटून, हात कोपरात न वाकवता पुढे धरायचा, पेन्सिलीचं टोक समोरच्याच्या टाळूशी आणि अंगठ्याचं नख हनुवटीशी. हे झालं एक डोकं. आता तेच माप खाली सरकवत खांद्यापर्यंत, कमरेपर्यंत किती वेळा बसतं ते मोजायचं. कोपर वाकलं की माप बदललं, सगळी गडबड इथेच होते. मग उभ्या ओळी तपासायच्या: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून ओळंबा सोडला तर तो नाकपुडीच्या कडेला लागतो की आत पडतो? मग तिरक्या. आणि शेवटी रिकाम्या जागा. मान आणि लोंबणारं कानातलं यांच्या मधला त्रिकोण, किंवा कमरेवर हात ठेवलेला असेल तर हात आणि अंग यांच्यातली फट. ‘हात’ असा असतो हे मेंदूला पाठ असतं, पण फटीबद्दल त्याचं काही मत नसतं. म्हणून फट काढली की हात बरोबर येतो. हा उपाय मला अजूनही जादूसारखा वाटतो.

अशी काढलेली प्रत्येक रेघ म्हणजे कशाशी तरी केलेली तुलना असते, आणि चुकलेली रेघ खोडताना आपण कुठे चुकतो तेही कळतं. म्हणूनच या हाताने पुढे ट्रेस केलं, तर तो खालच्या पापणीवर काळी रेघ मारत नाही. तिथे दोन बारीक ठिपके देऊन जागा राखून ठेवतो. मुक्तहस्ताचं अवास्तव कौतुकही नको, कारण तिरका जबडा मुक्तहस्ताने काढला म्हणून सरळ होत नाही. सेल्फी समोर ठेवून डोळ्याने काटेकोर माप घेणारासुद्धा ते पसरट नाकच उतरवतो.

मोठमोठे चित्रकार काय करत होते, असं विचारलं जातं, तेव्हा उत्तर ऐकून दोन्ही बाजूंची निराशा होते. छाप घेण्याची कला त्यांनी सर्रास वापरली. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात सिस्टिन चॅपलचं छत रंगवताना आधी कागदावर पूर्ण आकाराची रेखाटनं केली, त्यातल्या रेघांवर सुईने बारीक भोकं पाडली, कागद ओल्या गिलाव्यावर धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली, आणि भिंतीवर उमटलेले ठिपके जोडले. पुढे पुढे तो टोकदार अवजाराने रेघा थेट गिलाव्यावर दाबून घेऊ लागला. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत चित्रकार हान्स होल्बाइनने केलेलं इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं असंच भोकं पाडलेलं मोठं रेखाटन आहे. ते ज्या भित्तिचित्रासाठी केलं, ते राजवाड्यासकट १६९८ च्या आगीत गेलं. छापाचा कागद तेवढा राहिला. आपल्याकडे मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांच्या कारखान्यांतही हेच चाले. हरणाच्या पातळ, पारदर्शक कातड्यावर आकृती उतरवून घेत, त्याला चरबा म्हणत. भोकं पाडून कोळशाने उमटवलेल्या आकृतीला खाका. एखादी आवडलेली आकृती चरब्यावरून पिढ्यान्‌पिढ्या नव्या चित्रांत येत राही.

पण इथे एक फरक आहे आणि सगळी मेख त्यातच आहे. मायकेलअँजेलो आणि होल्बाइन छापत होते ते स्वतःचंच रेखाटन. कष्टाचा, चुका करायचा, विचार करायचा भाग कागदावर आधीच उरकलेला होता. छाप घेतला तो ते भिंतीवर नेण्यापुरता. चरबा वापरणारा कारागीरही आधी उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं रेघा घोटलेला असे. फ्रेंच चित्रकार देगा तर स्वतःच्या चित्रांवर ट्रेसिंग पेपर ठेवून तीच नर्तकी पुन्हा पुन्हा काढायचा, दर वेळी हात थोडा वर, पाय थोडा बाहेर. त्याच्या हातात ट्रेसिंग पेपर हे विचार करायचंच साधन होतं.

लिओनार्दोने याबाबत जे लिहून ठेवलंय, त्याच्यापेक्षा समजूतदार मत मला तरी सापडलेलं नाही. त्याच्या काळी काचेच्या तावदानातून दृश्य पाहून काचेवरच रेघा मारायची युक्ती माहीत होती. त्याआधी १४३५ मध्ये अल्बर्ती या इटालियन विद्वानाने झिरझिरीत कापडाच्या पडद्यातून पाहून काढायची शिफारस केली होती. लिओनार्दो म्हणतो, काचेचा उपयोग आपलं काम तपासायला किंवा वेळ वाचवायला खुशाल करा. पण ज्याला तिच्याशिवाय काढताच येत नाही, त्याच्या हातात ही युक्ती निंद्य आहे, कारण त्यामुळे त्याचं डोकं चालायचं थांबतं. पाचशे वर्षं झाली, वाद तिथेच आहे.

डच चित्रकार व्हर्मीरने कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे अंधाऱ्या खोलीत भिंगातून पडणारी प्रतिमा, वापरली का, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्याच्या बऱ्याच चित्रांत जिथे सगळ्या समांतर रेषा जाऊन मिळतात, त्या बिंदूवर टाचणीचं भोक सापडलंय, म्हणजे तिथे खडूची दोरी बांधून त्याने रेषा आखल्या असाव्यात. नुसतीच प्रतिमा गिरवणाऱ्याला दोरीची गरज पडली नसती, असं एक गट म्हणतो. दोन्ही वापरलं असेल, असं दुसरा. विसाव्या शतकातला अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल मात्र प्रोजेक्टर वापरायचा आणि ते कबूलही करायचा. हे यंत्र आळशी बनवणारं आणि व्यसन लावणारं आहे, मला त्याची लाज वाटते, आणि कोणी येताना चाहूल लागली की मी ते लपवतो, अशा अर्थाचं त्यानेच मिश्कीलपणे लिहून ठेवलंय. पण रॉकवेलची नुसती रेखाटनं पाहिली की कळतं, या माणसाला लपवायचं काही कारण नव्हतं.

ग्रिड ही मधली वाट. फोटोवर चौकोन आखायचे, कागदावर तितकेच, पण हव्या त्या पटीत मोठे चौकोन आखायचे आणि एकेका चौकोनातलं पाहून काढायचं. १५ बाय २० सेंटिमीटरच्या फोटोवर १ सेंटिमीटरचे चौकोन आणि कॅनव्हासवर ४ सेंटिमीटरचे, की ६० बाय ८० चं चित्र तयार. रेघ डोळ्यानेच काढायची असते, फक्त चूक एका चौकोनाबाहेर पसरत नाही. व्हॅन गॉगने १८८२ मध्ये हेगला असताना तारा ताणलेली चौकट बनवून घेतली होती आणि तिच्यातून निसर्गदृश्यं पाहायचा. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने तिचं चित्रही काढलंय. अमेरिकन चित्रकार चक क्लोजने १९६० च्या दशकाअखेरपासून ग्रिड वापरूनच माणसापेक्षा उंच चेहरे रंगवले. आणि आपल्याकडे डिजिटल फ्लेक्स येण्याआधी मुंबई-कोल्हापूरच्या चित्रपटांची हाताने रंगवलेली बॅनरं याच पद्धतीने मोठी होत. हातभर छायाचित्रावरून वीस फुटी नायक करायचा, तो परांचीवर उभं राहून, जवळून, एकावेळी फक्त त्याची एक भुवई दिसत असताना. अशा वेळी चौकोन नसतील तर माणूस भुवईतच हरवेल. एम. एफ. हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत अशीच बॅनरं रंगवली.

रविवर्म्यांनी फोटोंचा आधार घेतला, हेही आता सर्वांना ठाऊक आहे. त्यावरून त्यांचं मोल कमी करणाऱ्यांनी एक प्रयोग करावा, तोही दुसऱ्याच एका चित्रकाराच्या चित्रावर. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र आहे. हळदणकर सावंतवाडीचे, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले. चित्रात त्यांची मुलगी हातात दिवा घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हाताचा आडोसा केलाय. ज्योतीचा उजेड बोटांतून आरपार येऊन बोटं लालसर पेटल्यासारखी झालीत. या चित्राची प्रिंट घ्या आणि बाह्यरेषा ट्रेस करा. अर्धा तासही लागणार नाही. तुमच्याकडे साडी नेसलेल्या एका मुलीची आकृती येईल. लालसर बोटं त्यात कुठेच नसतील, कारण ती रेघेत नव्हतीच, ती एका रंगाशेजारी दुसरा किती पातळ ठेवायचा यात होती.

शिकणाऱ्याने मग काय करावं? माझं मत पक्कं आहे: ट्रेसिंग पेपर आधी न वापरता नंतर वापरा. फोटोवरून आधी मुक्तहस्त काढा, फोटोच्याच आकाराचं. पूर्ण झालं असं वाटलं की फोटोवर बटर पेपर ठेवून डोळ्यांचे कोपरे, नाकाचा तळ, ओठांची फट, हनुवटी एवढ्याच खुणा उचला आणि तो कागद आपल्या चित्रावर ठेवा. आपण दर वेळी डोळे वर नेतो का, चेहरा रुंद करतो का, हे तिथे उघडं पडतं. दोन-चार चित्रांत स्वतःची ठरावीक चूक सापडते, आणि ती बहुतेकांची एखादीच असते. उलट क्रमाने, म्हणजे आधी ट्रेस करून मग रंगवत, वर्षानुवर्षं काढणारे मी पाहिलेत. त्यांचं शेडिंग सुंदर होतं, पण समोर जिवंत माणूस बसवला की हात गोठतो. ज्याला पोटापाण्यासाठी आठवड्याला चार व्यक्तिचित्रांच्या ऑर्डरी संपवायच्या आहेत आणि मुळात हात तयार आहे, त्याने मात्र खुशाल प्रोजेक्टर वापरावा. लिओनार्दोचीही हरकत नसती.

प्रामाणिकपणाचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, कारण तो वाटतो तेवढा अवघड नाही. परीक्षा, स्पर्धा, प्रत्यक्ष माणूस समोर बसवून काढायचं प्रात्यक्षिक, जिथे हाताचीच पारख चालू आहे तिथे छाप घेणं म्हणजे फसवणूक. इतरत्र कोणी विचारलं तर सरळ सांगावं. ‘फ्रीहँड’ असं लिहून ट्रेस केलेलं चित्र विकणं मात्र खोटं बोलून माल विकण्यातच जमा होतं.

कायद्याच्या दृष्टीने तर ट्रेस की मुक्तहस्त हा फरकच बिनमहत्त्वाचा आहे, आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र हीसुद्धा कलाकृती आहे. इंटरनेटवरून उचललेल्या कोणाच्या तरी फोटोवरून हुबेहूब चित्र काढून विकलं, तर हात कितीही मुक्त असला तरी ती त्या फोटोचीच नक्कल. २००८ मध्ये अमेरिकेत शेपर्ड फेअरीने केलेलं बराक ओबामांचं ‘होप’ पोस्टर जगभर गाजलं. ते असोसिएटेड प्रेसच्या एका फोटोवरून केलेलं निघालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये तडजोड झाली.

म्हणून जमेल तिथे फोटो स्वतः काढावा. माणसाला खिडकीशेजारी बसवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. तुम्ही दीड-दोन मीटर मागे सरका आणि झूम करून चेहरा चौकटीत घ्या. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. उभं राहून वरून काढला तर कपाळ फुगतं आणि हनुवटी आटते. मग आणखी एक फोटो घ्या, त्यात सावलीची बाजू स्पष्ट दिसेल इतका उजळ. मानेखाली काय चाललंय ते त्यात सापडेल.